बरडावरचे खुंट : वरच्या तुकड्याच्या नोंदी

१२ डिसेंबर २०२०

वरच्या तुकड्यात आज तीन खड्डे घेतले. एक बांधाजवळ, एक मधोमध, एक खाली नाल्याकडे. बांधाजवळ हातभर खोल गेलं की मुरूम लागतो आणि त्यात पांढऱ्या गोट्या, काही वाटाण्याएवढ्या, काही लिंबाएवढ्या. दाबली की गोटी फुटते आणि बोटांना पिठासारखा चुना लागतो. नाल्याकडच्या खड्ड्यात अडीच हातांपर्यंत काळी माती आहे, गोट्या तुरळक.

तिन्ही ठिकाणची माती ताटल्यांत घेतली आणि फरशी धुवायचं ॲसिड पाण्यात पातळ करून थेंब थेंब टाकलं. नाल्याकडची माती जराशी चुरचुरली. बांधाकडची तर लिंबाच्या पाण्यात सोडा टाकावा तशी फेसाळून वर आली.

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, याच तुकड्यात संत्रा लावला होता. सात-आठ वर्षं बरा गेला, मग बांधाच्या बाजूने पिवळा पडत खाली आला आणि तेराव्या वर्षी उपटावा लागला. शेणखत, पेंड, फवारे, सगळं करून झालं होतं. सगळे म्हणायचे, बरड जमीन आहे, भुकेली आहे. मी विचारलं, कलमा कोणत्या खुंटावरच्या, म्हणजे खालच्या मुळांच्या कोणत्या झाडावरच्या, होत्या? मामाजी म्हणाले, "आमच्या वक्ताले खुंट कोन पाह्ये? कलम हिरवी दिसली का घेतली."

वरूड तालुक्यात राहून, कलमांसाठी नावाजलेलं शेंदुरजनाघाट इतकं जवळ असून, मीही लग्नानंतर दहा वर्षं हा प्रश्न विचारला नव्हता. झाडाचा जो भाग मातीत उभा राहणार त्याची चौकशी न करता आपण वरच्या नागपुरी संत्र्याचीच चौकशी करतो. ठरवलंय की याच तुकड्यात दोन खुंटांवर एकाच झाडाचे डोळे (फांदीवरच्या कळ्या) भरून लावायचे आणि दिसेल ते लिहून ठेवायचं.

४ जानेवारी २०२१

माती परीक्षणाचा कागद आला. बांधाकडचा नमुना : सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना १४ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, लोह ३.१ पीपीएम, जस्त ०.४२ पीपीएम. नाल्याकडे चुना ६ टक्के, सामू ७.९, लोह आणि जस्त दोन्ही थोडे बरे. संत्र्याला मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत असावा असं सगळीकडे सांगतात. लोहाची किमान पातळी ४.५ आणि जस्ताची ०.६ धरतात. म्हणजे वरची बाजू दोन्हीत खाली.

लोह कमी हे वाचून आधी गोंधळले. आपली जमीन काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची. त्यात लोह भरपूर असतं. मग मावसबहिणीला फोन केला. ती अमरावतीला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. ताई म्हणाली, कागदावरचा आकडा एकूण लोहाचा नाही, मुळाला मिळू शकेल तेवढ्याच लोहाचा आहे. सामू एकाने वाढला की पाण्यात विरघळलेलं लोह हजारपटीने कमी होतं आणि जस्त शंभरपटीने. सातवरून आठवर जाणं म्हणजे कागदावर एकचा फरक, पण झाडासाठी कोठार भरलेलं असताना दाराला कुलूप लागण्यासारखं.

त्या हिशेबाने मामाजींची पेंड आणि खतं कोठारात जात राहिली. कुलूप तसंच राहिलं.

२१ जानेवारी २०२१

खुंटांसाठी बी टाकलं. जंबेरी आणि रंगपूर लाईम. दोन्हीचं बी ताज्या फळातून काढून, धुऊन, सावलीत तासभर सुकवून लगेच गादीवाफ्यात. लिंबूवर्गीय बी कडक वाळलं तर उगवत नाही, त्यामुळे पाकिटात वर्षभर ठेवलेलं बी घेण्यात अर्थ नसतो.

जंबेरीचं फळ खडबडीत, जाड सालीचं. रंगपूरचं फळ पाहून कोणीही संत्रंच म्हणेल, साल सुटते, गर नारिंगी, पण जिभेवर ठेवलं की डोळे मिटतात इतकं आंबट. ताईने सांगितलं की जनुकांच्या तपासणीत दोन्हींचं मूळ एकच निघालंय, आईकडून आंबट संत्रावर्गीय आणि बापाकडून महाळुंग. एका घरातली भावंडं, स्वभाव मात्र निराळे. जंबेरीची वाढ झपाट्याची आणि मुळं लांब पसरणारी. रंगपूर पाण्याचा ताण, क्षार आणि चुना जास्त सोसतो, डिंक्यालाही (खोडातून डिंक गळायला लावणारा मुळा-बुंध्याचा रोग) जंबेरीपेक्षा कमी बळी पडतो. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रंगपूरची शिफारस करत आलीय. आमच्याकडच्या पन्हेऱ्यांत (रोपवाटिकांत) तरीही जंबेरी जास्त, कारण रोप लवकर विक्रीला येतं.

चुना सोसणारा आणखी एक खुंट म्हणजे आंबट नारिंग. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत बागा पिढ्यान्‌पिढ्या त्यावर उभ्या होत्या. पण त्यावर संत्र्याचा डोळा असला की ट्रिस्टेझा विषाणू झाड मारतो, आणि तो विषाणू आपल्याकडे आहे. तो पर्याय बाद. ट्रायफोलिएट हा तीनपानी खुंट आणि त्याचे संकर थंड, आम्लधर्मी मातीत चांगले, चुन्यात सगळ्यांत आधी पिवळे पडतात.

६ मे २०२१

रोपं अडली आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी उगवली, मार्चअखेर पिशव्यांत लावली आणि तेव्हापासून चार-पाच पानांवर थांबली. पानं बारीक, ताठ, शिरांमध्ये फिक्कट. दोन्ही खुंटांची हीच तऱ्हा. पाणी, ऊन, सगळं ठीक आहे.

एक गोष्ट मीच वेगळी केली होती. मूळकूज येऊ नये म्हणून पिशव्यांची माती मी भट्टी लावून वाफवली होती. खूप काळजीपूर्वक, दोन दिवस खपून. आणि रोपं लहान दिसली तेव्हा वरून डीएपीचं, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या खताचं, पाणी दिलं.

ताईला फोटो पाठवले. तिचं उत्तर वाचून खाली बसले. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर केसमुळं फार थोडी आणि आखूड असतात. ज्वारीच्या मुळासारखं त्यांना मातीचा कण न्‌ कण चाचपता येत नाही. ते काम त्यांच्यासाठी मायकोरायझा बुरशी करते. मुळात शिरून बाहेर मातीत धागे पसरवते आणि स्फुरद, जस्त आणून देते. माती वाफवली तेव्हा मूळकुजीबरोबर ही बुरशीही गेली. वर डीएपी दिल्याने स्फुरद वाढलं, आणि स्फुरद जास्त झालं की झाड बुरशीला जवळ करत नाही आणि जस्तही मागे पडतं. धुरी देऊन निर्जंतुक केलेल्या वाफ्यांत लिंबूवर्गीय रोपं खुजी राहतात हे कॅलिफोर्निया, फ्लोरिडातल्या पन्हेऱ्यांत फार पूर्वीच दिसून आलंय.

जुन्या संत्र्याच्या बुडाची माती आणून टाकायचा मोह झाला. ते करणार नाही, त्या मातीत डिंक्याची बुरशी असणार. बांधावर जिथे कधी संत्रा नव्हता तिथल्या गवताच्या मुळांसकट माती घेतली आणि प्रत्येक पिशवीत मूठभर दिली.

२७ जून २०२१

नवी पानं रुंद येत आहेत. एक जंबेरीचं रोप पिशवीतून अलगद काढून पाण्यात धुतलं. बुरशी डोळ्याला दिसत नाही, पण बारीक मुळ्यांना मातीचे कण चिकटून राहतात, झटकले तरी सुटत नाहीत. मे महिन्यात मूळ दोऱ्यासारखं स्वच्छ निघत होतं. सात रोपं तरीही मागेच आहेत. ती काढून टाकली.

मागे राहिलेली किंवा पानांत वेगळी दिसणारी रोपं एरवीही काढायचीच असतात. या दोन्ही खुंटांच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात. त्यातले बहुतेक आईचीच हुबेहूब नक्कल असतात, म्हणून बियांपासून केलेले खुंटही एकसारखे मिळतात. एखादा कोंब मात्र परागातून झालेला, वेगळ्या गुणाचा असतो. तो ओळखून काढला नाही तर दहा वर्षांनी बागेत एक झाड का बिघडलं याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

१९ सप्टेंबर २०२१

आजचा दिवस विसरणार नाही.

ताईच्या प्रयोगशाळेत महिनाभर चार रोपं धुतलेल्या वाळूत ठेवली होती. दोन जंबेरी, दोन रंगपूर. प्रत्येक जोडीतल्या एकाला पूर्ण खतपाणी, एकाला लोह वगळून. लोह न दिलेल्यांचे शेंडे पिवळे झाले होते, शिरा तेवढ्या हिरव्या. आज चौघांची मुळं धुऊन उथळ ट्रेमध्ये पसरली आणि त्यावर कोमट अगार (जेलीसारखं गोठणारं) ओतलं. अगारमध्ये ब्रोमोक्रेसॉल पर्पल नावाचा रंग होता. सामू सातच्या आसपास असला की जांभळा, पाचाकडे उतरला की पिवळा. ट्रे जांभळट लाल दिसत होते, जांभळाचं सरबत गोठवल्यासारखे.

तासभर काहीच नाही. चहा घेऊन आलो. दोन तासांनी लोह न मिळालेल्या रंगपूरच्या एका मुळीच्या टोकाशी पिवळा ठिपका. मग शेजारच्या मुळीला. संध्याकाळपर्यंत त्या ट्रेमध्ये प्रत्येक कोवळ्या टोकाभोवती पिवळं वलय होतं, समईच्या ज्योतीभोवती असावं तसं. लोह न मिळालेल्या जंबेरीच्या ट्रेमध्येही वलयं आली, थोडी उशिरा आणि थोडी फिकी. पोटभर खतपाणी मिळालेल्या दोघांच्या ट्रेमध्ये जवळपास नाहीतच.

म्हणजे भूक लागली की मूळ नुसतं वाट बघत नाही. टोकातून आम्ल बाहेर टाकतं, आजूबाजूच्या दोन-चार मिलिमीटर मातीचा सामू उतरवतं, आणि मुळाच्या पडद्यावरचं विकर तिथल्या लोहाचं रूप बदलून ते आत घेण्याजोगं करतं. हे सगळं फक्त कोवळ्या टोकांशी होतं, जाड तपकिरी मुळांशी नाही. त्यामुळे ज्या मातीत नवी टोकं फुटत नाहीत त्या मातीत खुंट कितीही चांगला असला तरी उपाशी राहणार.

चार रोपांवरून दोन खुंटांची तुलना होत नाही, हे ताईने तीनदा बजावलं आणि मी तसंच लिहून ठेवतेय. पण मूळ कुलूप उघडायला बघतं हे आज डोळ्यांनी पाहिलं.

६ फेब्रुवारी २०२२

डोळे भरले. कलमवाले काका दोन दिवस आले होते. खुंट पेन्सिलीएवढा जाड झालेला, जमिनीपासून नऊ इंचांवर. इतकं उंच का, तर जोड मातीपासून लांब राहिला की डिंक्या संत्र्याच्या खोडाला सहज पोचत नाही. काकांनी आधी सालीवर टी काढला, चाकूच्या मागच्या हाडाने साल दोन्हीकडे उचलली. साल सुटते का ते ऐकू येतं, अगदी हलका चट्ट आवाज होतो. मग काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा एका ओढीत काढला, आत सरकवला आणि पट्टी खालून वर गुंडाळली, पाणी आत उतरू नये म्हणून. एका डोळ्याला मिनिटही लागत नाही. मी भरलेल्या पाचांपैकी दोन जगतील असं वाटतं.

काड्या सगळ्या एकाच जुन्या, निरोगी झाडाच्या. दोन खुंटांत फरक दिसला तर तो खुंटाचाच असावा म्हणून.

काकांना विचारलं, तुमच्या हाताखालून इतके खुंट गेले, फरक काय? चाकू पुसत म्हणाले, "जंबेरी पयते, रंगपूर चालते."

९ ऑगस्ट २०२२

लावणी झाली. सहा बाय सहा मीटर, आठ ओळी, ओळीत बारा झाडं, एकूण ९६. ओळी बांधाकडून नाल्याकडे उतरत जातात, एक ओळ जंबेरीची, एक रंगपूरची, अशी आलटून पालटून. म्हणजे प्रत्येक ओळीचं एक टोक चुन्यात आणि एक काळ्या मातीत. खड्ड्यात शेणखत आणि वरच्या थरातली माती. खालून निघालेला पांढरा मुरूम परत टाकला नाही, ट्रॉलीने बाहेर नेला. हे काम सगळ्यांत जड गेलं.

बुंध्याला बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. आळं दुहेरी, म्हणजे खोडाला पाणी लागत नाही, बाहेरच्या कड्यातच फिरतं.

१८ सप्टेंबर २०२२

सहा दिवस झड होती. आज उघडीप. वरच्या बाजूची २० झाडं पिवळी पडली आहेत, दोन्ही खुंटांची. पहिल्याच पावसाळ्यात. लोह पाण्याबरोबर वाहून गेलं असं शेजारी म्हणतात.

तसं नाही. ओल्या, कोंदलेल्या मातीत मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास बाहेर जात नाही. तो कर्बवायू पाण्यात मुरतो, चुना विरघळवतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. मूळ आम्ल सोडतं आणि बायकार्बोनेट ते तिथल्या तिथे मारून टाकतं. जांभळ्या अगारमध्ये पिवळं वलय आलं ते तिथे बायकार्बोनेट नव्हतं म्हणून. ताईने नंतर एका ट्रेमध्ये खायचा सोडा चिमूटभर घातला होता. रात्रभर ठेवूनही वलय आलं नाही.

ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर काढायला घेतले. फवारा सध्या नाही. माती वाफशावर येऊ दे.

१० ऑक्टोबर २०२२

नव्या नवतीत (कोवळ्या पालवीत) २० पैकी १३ झाडं आपोआप हिरवी. त्यात आठ रंगपूरची, पाच जंबेरीची. उरलेल्या सातांत रंगपूर दोन. चरांनी जे केलं ते बाटलीने केलं नसतं.

२५ फेब्रुवारी २०२३

ही नोंद रागात लिहितेय, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

उरलेल्या पिवळ्या झाडांना लोह मातीतून द्यायचं ठरवलं. दुकानातून 'चिलेटेड लोह', म्हणजे रसायनाने धरून ठेवलेलं लोह, आणलं. चांगल्या किमतीचं होतं. ठिबकमधून दोनदा दिलं, सहा आठवडे थांबले, काही फरक नाही. मग डबा नीट वाचला. ईडीटीए. लोहाचं हे बंधन सामू साडेसहाच्या वर टिकत नाही. आपल्या मातीत पडल्या पडल्या कॅल्शियम लोहाची जागा घेतो आणि लोह परत कुलूपबंद. डीटीपीए साडेसातपर्यंत चालतं. चुन्याच्या जमिनीत टिकणारं ते ईडीडीएचए, गडद लाल, आणि किमतीला त्याहून बरंच जास्त. सामूचा कागद मी दुकानात दाखवला होता. 'चिलेटेड आहे, कुठेही चालतं' असं सांगितलं गेलं. डब्यावरची चार अक्षरं आता मी पैसे देण्याआधी वाचते.

जस्तासाठी मात्र साधा फवारा पुरला. लिटरला पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, नवती अर्धी उमलल्यावर.

पानं वाचायची सवय लागली आहे. नव्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी आणि मधला भाग पिवळा, तर लोह. नवी पानं अरुंद, ताठ, ठिपक्या ठिपक्यांनी पिवळी, तर जस्त. जुनी पानं सरसकट पिवळी, तर नत्र. नत्र झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, लोह-जस्त तसं हलत नाही. आणि एक फसवी गोष्ट : पिवळं पान तपासायला दिलं तर लोहाचा आकडा हिरव्या पानाएवढाच येऊ शकतो. लोह पानात पोचून निष्क्रिय पडलेलं असतं. म्हणून पान तपासणीच्या कागदावर भिस्त ठेवून 'लोह ठीक आहे' म्हणू नये.

१६ जुलै २०२३

दोन बदल. नत्र आता युरियाऐवजी अमोनियम सल्फेटने, आळ्यात चर काढून, वर मातीने झाकून. मूळ अमोनियम घेतं तेव्हा आम्ल सोडतं, नायट्रेट घेतं तेव्हा उलट. उघड्यावर टाकलं तर चुन्याच्या मातीतून अमोनिया उडून जातो, म्हणून झाकायचं.

दुसरा बदल मामाजींना पटलेला नाही. ओळींमधलं गवत मी काढत नाही, कापून तिथेच पसरते. बांधावरचं मारवेल आहे. गवतांची लोह मिळवायची तऱ्हा निराळी. ती आम्लावर भिस्त ठेवत नाहीत, लोहाला धरून विरघळवणारा पदार्थच मुळातून सोडतात, आणि चुना त्याला फारसा आडवा येत नाही. त्यांनी सोडवलेलं लोह शेजारच्या फळझाडाच्या मुळालाही मिळतं. मामाजी म्हणतात गवत पाणी खाईल. तेही खरं आहे. म्हणून खोडाभोवती दीड मीटर स्वच्छ आणि उन्हाळ्यात गवत अगदी बुडाशी कापलेलं.

२२ मे २०२४

बोअर आठ दिवसांपासून धापा टाकतोय. पाणी निम्म्यावर. आमच्या तालुक्यात भूजल उपसा मर्यादेबाहेर गेलेला आहे, दरवर्षी मेमध्ये हीच वेळ येते.

दुपारी दोनला वरच्या टोकाशी उभी राहिले. जंबेरीची पानं गुंडाळलेली, रंगपूरची थोडी मुडपलेली. सकाळी सहाला परत पाहिलं, रंगपूर उलगडलेली, जंबेरी वरच्या तीन आडव्या रांगांत अजून मिटलेली. खाली नाल्याकडे उलट चित्र. तिथे जंबेरी सरळ उभी, रंगपूरपेक्षा हातभर उंच, फांद्या भरलेल्या. खोल माती मिळाली की जंबेरीची बरोबरी नाही, हेही तितकंच ठळक लिहायला हवं.

बांधाकडची दोन जंबेरीची झाडं गेली. एकाचं मूळ खणून काढलं. आडवी मुळं अडीच मीटरपर्यंत गेलेली, सगळी वरच्या वीतभर मातीत. जिथे जिथे मूळ खाली वळलं तिथे चुनखडीच्या थराला टेकून परत आडवं झालेलं. टोकं कोरडी, काळी. शेजारच्या जिवंत रंगपूरच्या एका बाजूने हात घालून पाहिलं (मूळ न दुखवता, जेवढं जमलं तेवढंच), तर मुरुमाच्या भेगेत बोटाएवढं मूळ उतरलेलं आहे. ते किती खाली गेलंय ते कळलं नाही.

बोअरच्या पाण्याचा नमुनाही पाठवला. बायकार्बोनेट जास्त आलं. म्हणजे उन्हाळाभर ठिबकमधून मी कुलपाचीच भर घालत होते. विहिरीचं पाणी तुलनेने बरं आहे. वरच्या टोकाला आता विहिरीची लाईन, खालच्याला बोअरची.

३ नोव्हेंबर २०२४

गावातले चौघे जण बाग बघायला आले. वरचं टोक पाहून एकाने तिथेच ठरवलं की सगळी बाग रंगपूरवर करायची. मी थांबवलं.

ब्राझीलमध्ये हेच झालं होतं. १९३० आणि ४० च्या दशकांत ट्रिस्टेझाने आंबट नारिंगावरच्या लाखो झाडांचा फडशा पाडला, तेव्हा साओ पावलोच्या बागायतदारांनी रंगपूर उचलला. तो उभ्या पावसावर, पाणी न देता, बाग जगवायचा. होता होता तिथल्या बहुतेक बागा त्या एकाच खुंटावर आल्या. मग २००० च्या सुमारास तिथे झाडं अचानक मरायचा रोग आला आणि तो नेमका रंगपूरवरच्या झाडांना मारायचा. त्यांना पुन्हा दुसऱ्या खुंटांकडे वळावं लागलं आणि त्याबरोबर पाण्याची सोयही करावी लागली, कारण दुसरे खुंट तेवढा ताण सोसणारे नव्हते.

शेतात चुना एकसारखा नसतो, खोली एकसारखी नसते. मग खुंट एकच का? त्यांना तिथेच कुदळ देऊन त्यांच्या त्यांच्या शेतात तीन खड्डे घ्यायला सांगितलं. दोघांनी घेतले.

२६ ऑक्टोबर २०२५

बुंध्यांचे घेर मोजले, जोडाच्या चार बोटं वर. वरच्या चार रांगांत रंगपूरची सरासरी २१ सेंटिमीटर, जंबेरीची १७. मधल्या चार रांगांत दोघांत फरक धरण्याजोगा नाही. खालच्या चार रांगांत जंबेरी २७, रंगपूर २३. मेलेली झाडं एकूण पाच, पाचही वरच्या टोकाची, चार जंबेरी, एक रंगपूर. फळांचा हिशेब अजून दूर आहे. रंगपूरवर संत्र्याचा आकार आणि रस कसा उतरतो ते निदान तीन बहार घेतल्याशिवाय लिहिणार नाही.

वरच्या पाच खाड्यांसाठी (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागांसाठी) रंगपूरच्या कलमा काढून ठेवल्या आहेत. लावताना खड्डा मोठा घ्यायचा आणि चुनखडीचा थर सब्बलीने फोडायचा, थर फोडल्याशिवाय कोणताही खुंट खाली जाणार नाही. खालच्या चार रांगांत पुढे खाडे पडले तर जंबेरीच.

एका झाडाचं कोडं सुटलेलं नाही. तिसऱ्या ओळीतलं वरून दुसरं, जंबेरीवरचं. चहूकडे चुना, आजूबाजूची पिवळी पडून सावरलेली, आणि हे लावल्यापासून एकदाही पिवळं झालं नाही. घेर २४. रोप वेगळ्या कोंबातून आलेलं होतं आणि माझ्या नजरेतून सुटलं, की त्याच्या खाली माती वेगळी आहे? मामाजींना आठवतं की जुन्या बागेच्या काळात शेणाचा उकिरडा त्याच अंगाला होता, पण नेमका कुठे ते सांगता येत नाही. नवती पक्व झाली की त्याच्या एका बाजूने खड्डा घेणार. माती तीच निघाली तर बुंध्याच्या खालची खुंटाची फूट यावेळी मोडायची नाही, वाढू द्यायची, आणि पानं ताईकडे न्यायची.